जुन्या कोर्टहाउसचा घुमट

बाबा,

काउंटीचं जुनं कोर्टहाउस पाडायचं की ठेवायचं, यावर गेल्या आठवड्यात आमच्या काउंटी बोर्डात मतदान झालं. मी पाडायच्या बाजूनं हात वर केला.

तुम्ही इथं आर्किटेक्ट म्हणून लागलात तेव्हा मोठ्या कोर्टरूमला पांढरं फॉल्स सीलिंग होतं. हीटिंगचा खर्च वाचावा म्हणून कुणीतरी कधीकाळी घातलेलं. एका शनिवारी तुम्ही मला शिडीवर चढवता, सीलिंगचा एक चौकोन सरकवता आणि टॉर्च लावता. वर धुळीनं माखलेला रंगीत काचेचा घुमट. "कुणाला माहीतच नाही गं हा," तुम्ही हळूच म्हणता. मी बोट लावायला जाते, तर केवढ्यानं ओरडता! "हात नको! लोकांची वस्तू आहे ती." मग जरा थांबून, "म्हणजे आपलीही." त्याच खोलीत तुम्ही आणि आईनं अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली होती. पुढं ते सीलिंग काढून टाकायला लावण्यासाठी तुम्ही कितीतरी मीटिंगांमध्ये उभं राहून बोललात, आणि काढून घेतलंतच.

आता हायवेलगत नवं कोर्ट झालंय. जुन्या इमारतीचे लाल दगड, गोल कमानी, घड्याळाचा मनोरा सगळं शाबूत आहे, पण छप्पर गळतं आणि दुरुस्तीचा खर्च मोठा. मतदानाआधी अध्यक्षबाई सगळ्यांसमोर हसून म्हणाल्या, "तुझ्यासाठी हे पर्सनल असणार, नाही का?"

"अजिबात नाही," मी म्हणाले. बापाच्या कौतुकापायी लोकांचा पैसा उधळते, असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी. इमारतीबद्दल मी क्षणभरही विचार केला नाही, बाबा. फक्त स्वतःबद्दल केला.

मतं बरोबरीत आली. एकच मत उरलं होतं, आमच्यातल्या म्हाताऱ्या शेतकरी सदस्यांचं, जे एरवी प्रत्येक खर्चाला नाही म्हणतात. ते म्हणाले, "माझ्या आईच्या आजोबांनी नदीकाठच्या खाणीतून त्या भिंतींचे दगड बैलांनी ओढून आणले. घुमट उघडला तेव्हा हिच्या वडिलांनी माझ्या आईला बोलावून दाखवला. तिचे गुडघे दुखायचे, तर स्वतः खुर्ची आणून दिली. मला नाही जमणार पाडायला."

कोर्टहाउस वाचलं. मला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना.

रविवारी मराठी मंडळात पलीकडच्या गल्लीतल्या काकूंनी मला घट्ट मिठी मारली. "बाबांची इमारत वाचवलीस गं पोरी!" आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी "थँक यू, काकू" म्हणाले. अजून त्यांना खरं सांगितलेलं नाही.