अन्वरच्या केसांतला कापूस

कामतघर, शनिवार, फेब्रुवारी १९८७

आज संध्याकाळी तालमीत मला टाळ्या पडल्या. स्वतःचीच शिसारी आली.

नाटकात मेजवानीला मेलेल्या राजाचं भूत येतं, ते फक्त खुनी राजाला, म्हणजे मला, दिसतं. राजाचं हे काम आधी आमच्याच यंत्रमाग कारखान्यातल्या अन्वरचं होतं. जॉबरला, म्हणजे आमच्या मुकादमाला, चहा पाजून मीच त्याची शिफ्ट बदलायला लावली. त्याच्या तालमी चुकल्या आणि मी राजा झालो.

आज लूम बिघडला म्हणून तो कारखान्यातून तसाच आला. तालीममास्तरांनी त्याला भुताच्या खुर्चीत बसवलं. केसांत कापूस, भुवयांवर कापूस. रंग लावायची गरजच नव्हती. मी खरोखर दचकून मागे सरलो, आणि टाळ्या त्यालाच पडल्या.

नंतर अन्वर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “भूत मीच करतो यार. शिफ्टचं जॉबरला तू सांग, तुझं ऐकतो तो.”

माहीत आहे त्याला? हसत तर होता.

माझ्या खांद्यावर अजून कापूस आहे.