तळहातावरचं कालवण

जळकोट,
दि. ६ जानेवारी २०२५

ती. स्व. शालनआक्कांना,
धाकटी भावजय दीपमाला हिचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, आई आहेत तशाच आहेत. फोनवर हे बोलता येत नाही म्हणून लिहायला बसले. आपल्या घरात रेंज येते ती फक्त आईंच्या खाटेजवळच्या खिडकीत, आणि अर्धं अंग गेलं तरी तुमच्या आईचे कान अजून तरण्या पोरीचे आहेत. तुम्ही विचारता, मी सगळं बरं आहे म्हणते, आणि त्या छताकडं बघत ऐकतात.

बरं नाही, आक्का. मी थकले. श्रावणात लकवा मारला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की जीभ जड राहील पण बोलतील. आणि दिवाळीपर्यंत बोलतही होत्या, पाणी, उशी, यांना रणधीर म्हणून हाक, असं तुटक तुटक. त्यानंतर जे तोंड मिटलं ते मिटलंच. माझ्यावर राग आहे, काही दुखतंय, का सगळ्याचाच कंटाळा आलाय, काही कळत नाही. उठवायचं, पुसून घ्यायचं, लुगडं बदलायचं, भरवायचं, कूस वळवायची, आणि हे सगळं भिंतीशी बोलत करायचं. लेकरं शिकायला बाहेर, हे दिवसभर शेतात. यंदा येळवसच्या अवसेला सगळं गाव रानात जेवायला गेलं आणि मी घरी त्यांच्यापाशी. यांनी रानातून शेंगाभाज्यांच्या भज्जीचा अन् आंबिलीचा डबा आणला तर आईंनी तोंड फिरवलं. मग माझाही घास उतरला नाही.

तर विनंती विशेष अशी की पाडव्याला गाडी घेऊन यावं आणि आईंना येरमाळ्याला न्यावं. तुम्ही पोटची लेक, तुमच्याशी तरी बोलतील. जमणार नसेल तर सोलापूरकडं म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेतात अशा एका जागेची यांनी चौकशी करून ठेवली आहे. मला वाईट म्हणा, चालेल. वाईट म्हणून घ्यायचाही आता कंटाळा आलाय.

दाजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा ठेवा, जास्त मागत नाही.

तुमची
दीपमाला


येरमाळा,
दि. १७ जानेवारी २०२५

चि. सौ. दीपमाला हिस,
शालनचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा कढईत भजी होती. ती करपली आणि तुझे दाजी गिऱ्हाइकांदेखत ओरडले. खरं सांगते, पहिल्यांदा वाचून तुझा रागच आला. आईला ठेवून घेणारी जागा, हे शब्द तुझ्या हातून उतरले कसे, असं झालं. म्हणून लगेच उत्तर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुझ्यानं ते वाचवलं नसतं.

आमचं घर तू बघितलं आहेस. खाली हॉटेल, वर आम्ही, मधे तो उभा लोखंडी जिना. माझेच गुडघे तो चढताना येडाईदेवीचा धावा करतात. आईला वर न्यायला चार गडी लागतील, आणि एकदा नेली की ती खाली उतरायची नाही. शिवाय लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही हा तिचा हेका तुला ठाऊक आहे. माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा दिवसभर उशाशी बसली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. मी हात वर करत नाही गं. पण माझ्या हातात तरी काय आहे ते सांग.

एक विचारू का, रागावू नको. तू भिंतीशी बोलते म्हणतेस, पण बोलतेस काय? मी फोनवर काय बोलते ते आठवून बघितलं. गोळी घेतली का, पोट साफ झालं का, डॉक्टर काय म्हणाले. याला तिनं उत्तर दिलं काय अन् न दिलं काय. आमच्याकडं ट्रकवाले येतात. चहा ठेवला की पितात, पैसे देतात, जातात. पण कुठून आलात, घाट मोकळा होता का, एवढं विचारलं की माणूस सैल होतो, पाय पसरतो, घरचं सांगायला लागतो. तुझे दाजी म्हणतात मी चहा खपवते. खपतो हे खरं आहे, पण मी त्यासाठी विचारत नाही.

तसं आईला काही बिनकामाचं सांगून बघ. बाहेरून आलीस की रस्त्यात काय दिसलं ते सांग. उत्तराची वाट बघू नको. पाडव्याचं मग बघू. तोवर त्या जागेला शब्द देऊ नका, एवढी भीक घाल.

रणधीरला आशीर्वाद. राग धरू नको, धरलास तर फार दिवस नको.

शालन


जळकोट,
दि. ३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आक्कांना,
दीपमालाचा शि. सा. न. वि. वि.

राग धरला होता. घरी बसून सल्ला द्यायला काय जातं, असं भांडी घासताना चार वेळा म्हणून घेतलं. पण तुम्ही सांगितलं तसं केलंही. दळण घेऊन आले की सांगते, हायवेवर ट्रॅक्टरची ट्रॉली कलंडली, सगळा ऊस रस्त्यावर आणि पोरं दांडकी घेऊन पळाली. शेजारच्या धुरपदाबाईंच्या सुनेनं घराला झेंडूसारखा रंग दिला, डोळे दिपतात. आई ऐकतात, एवढं नक्की. उसाचं सांगितलं तेव्हा ओठांची डावी कड जराशी हलली, पण आवाज नाही.

तुमच्या भावाचं ऐका. त्यांनी मोबाईलवर कुण्या कोटवाल्याचं भाषण बघितलं. समोरच्याचं मन जिंकायचं तर हसायचं, डोळ्यांत डोळे घालायचे आणि त्याचं नाव पुन्हा पुन्हा घ्यायचं. झालं, सकाळी आईंच्या खाटेपाशी उकिडवे बसले, सगळे दात दाखवले आणि कमलबाई, कशा आहात कमलबाई, म्हणून सुरू झाले. जन्मात आईचं नाव न घेतलेला माणूस! आईंनी चांगल्या हातानं चादर डोक्यावरून ओढली. हे म्हणाले, बघ, काहीतरी केलं का नाही तिनं. किती दिवसांनी हसले, आक्का. हसून झाल्यावर रडू आलं, का ते विचारू नका.

आणखी एक त्रास आहे, मागच्या पत्रात लिहिला नव्हता. मी संध्याकाळी कालवण टाकलं, उकळी आली, की आई खाटेवरून डावा हात पुढं काढतात, तळवा वर करून, भीक मागितल्यासारखा. पहिल्यांदा वाटलं गोळी पाहिजे. ठेवली तर तळवा उलटा करून खाली टाकली. मग बिस्कीट ठेवलं, साखर ठेवली, एकदा माझाच हात ठेवला. सगळं झटकतात आणि परत हात पुढं. मी काय पाहिजे ते तोंडानं सांगा म्हणून ओरडले परवा. ओरडले, लपवत नाही. हात मागं घेतला आणि भिंतीकडं तोंड केलं. दिवाळीपासून हे चाललंय. आता मला त्या हाताची भीती वाटते. कालवण उकळायला लागलं की मी खाटेकडं पाठ करून उभी राहते.

पाडव्याचा विचार करून ठेवा. सोलापूरच्या माणसाचा फोन येऊन गेला, अजून शब्द दिलेला नाही.

दाजींना नमस्कार. लोभ असेल तर उत्तर लवकर धाडा.

दीपमाला


येरमाळा,
दि. १० फेब्रुवारी २०२५

प्रिय दीपे,

आशीर्वाद वगैरे नंतर. तुझं पत्र वाचलं आणि मी जिन्यावरच बसले. गिऱ्हाईक हाका मारत होतं, मारू दिल्या.

अगं, ती मीठ मागत नाही, काहीच मागत नाही. ती मीठ सांगायला बसली आहे.

आपल्या घरी रांधणाऱ्या बाईनं रांधलेलं चाखायचं नाही, हा आईच्या सासूपासूनचा नेम. देवाला दाखवायच्या आधी उष्टं होतं. मग मीठ बरोबर पडलं का हे कळायचं कसं? दुसऱ्याच्या तळहातावर पळीतला थेंब टाकायचा आणि म्हणायचं, मीठ सांग. माझं लग्न होईपर्यंत तो हात माझा होता. येळवसची भज्जी तर आमच्या एकेकाच्या हातावर पडायची, शेजारची पोरंसुद्धा रांग लावायची. आईनं कधी कुणाला जवळ घेतलेलं मला आठवत नाही. बाळ, सोन्या, असलं काही तिच्या तोंडात नव्हतं. पण दिवसातून दोनदा मला विचारायची, आणि मी चिमूटभर टाक म्हटलं की टाकायची. एवढ्याशा पोरीचं ऐकायची. माझ्यानंतर तुझ्या सासऱ्यांचा, आबांचा हात. आबा गेल्यावर कुणाला विचारत होती देव जाणे, तू तर दिवसभर रानात असायचीस.

आता तू रांधतेस. म्हणजे मीठ तिनं सांगायचं. तिला वाटत असेल तुला एवढंही ठाऊक असणार, आणि तू मुद्दाम विचारत नाहीस.

मलाच सुचायला पाहिजे होतं, पण फोनवर गोळ्यांशिवाय मी विचारलं काय.

भागवतच्या टेम्पोत एक पिशवी धाडली आहे. त्यात खवा आहे, आपल्या येरमाळ्याचा. तो आईचा नाही, रणधीरचा नाही, तुझा आहे. उभ्यानं खाऊ नको, बसून खा. आणि तुझी कंबर कशी आहे? मी आजवर विचारलंच नाही.

शालन


जळकोट,
दि. १९ मार्च २०२५

ती. स्व. आक्कांना,
दीपमालाचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. आधी हातून काही होऊ दे मग लिहू, असं ठरवलं होतं. खवा बसून खाल्ला. यांनी मागितला तर पिशवी आईंच्या उशाखाली ठेवली.

आबांना चुलीपाशी तळवा चाटताना मी कितीदा पाहिलं होतं! मला वाटायचं म्हाताऱ्याला जेवणापर्यंत दम निघत नाही. आमच्या अणदूरला सरळ पळीतून चाखतात, मी रांधायला लागले तेव्हापासून तसंच करत आले. आईंनी ते बघून काय काय गिळलं असेल.

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी वरणाचा थेंब निववून त्यांच्या तळव्यावर टाकला आणि म्हटलं, आई, मीठ सांगा. त्यांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ बघितलं. मग हात तोंडाशी नेला, चाटला आणि डोळे मिटले. बोलल्या काहीच नाहीत. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. म्हटलं, हेही गेलं. दुसऱ्या दिवशी अंगात जोर नव्हता, तरी टाकला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी भाकरी थापत होते तर मागून आवाज आला. घोगरा, कुणा पुरुषाचा वाटावा असा. त्या म्हणत होत्या, अळणी.

आक्का, सगळं कालवण अळणीच आहे, दिवाळीला डॉक्टरांनी मीठ तोडलं तेव्हापासून! मी त्यांच्यासाठी वेगळं कशाला करा म्हणून सगळ्यांचंच कमी मिठाचं करते. म्हणजे इतके महिने ही बाई घरातलं अळणी खात होती आणि सांगायला हात पुढं करत होती. हे रानातून आले तेव्हा आई त्यांनाही म्हणाल्या, अळणी. हे दारात चप्पल हातात घेऊन तसेच उभे राहिले. आता रोज काहीतरी म्हणतात. जास्त करून चुकाच काढतात. तिखट लई, फोडणी जळली, गूळ घाल. डॉक्टरांना विचारून आमचं कालवण वेगळं आणि त्यांचं वेगळं करते. काम वाढलं, पण असू दे.

होळीचं सांगते. पुरण झालं, कटाची आमटी उकळली. पातेलं उचलून त्यांच्या खाटेपाशी नेलं आणि मिठाचा डबा डाव्या हाताशी धरला. म्हटलं, आज आमच्या आमटीत तुम्ही घाला. त्यांनी घातलं, थोडं चादरीवर सांडलं. मग त्यांनी पळी मागितली. मला वाटलं ढवळायला. तर माझ्या हाताकडं बघत बसल्या. मला कळलं नाही. त्यांनी मान हलवली, तुझा हात, अशी. मी तळवा पुढं केला. अर्धा थेंब हातावर, अर्धा चादरीवर. आणि त्या जड जिभेनं म्हणाल्या, दीपमाला, मीठ सांग.

एकोणीस वर्षं झाली मला या घरात येऊन. मला चव काही कळली नाही. बरोबर झालंय म्हणून सांगितलं. जेवताना हे म्हणाले, आमटी लई खारट झालीया. मी दोनदा वाढून घेतली.

म्हणून सगळं गोड झालं असं समजू नका. कूस वळवायची ती वळवायचीच आहे, कंबर दुखते तशीच दुखते. तुम्ही विचारलं होतं म्हणून सांगते, खूप दुखते. सोलापूरच्या माणसाला यांनी नको म्हणून कळवलं.

पण पाडव्याला गाडी घेऊन यावं ही विनंती तशीच आहे. आईंना न्यायला नव्हे. मला न्या, आक्का, चार दिवस. यांना सगळं शिकवलंय, थेंब निववून टाकायचा तेसुद्धा. आईंना विचारलं तर म्हणाल्या, जा. तो लोखंडी जिना मी चढेन. पण आधी खाली एका टेबलाशी बसवा, चहा ठेवा, आणि कुठून आलात, घाट मोकळा होता का, एवढं विचारा.

दाजींना नमस्कार. लोभ वाढवा, आता मागते.

तुमची
दीपमाला