या वेळी मंजूर नाही

गुरुवार, भाद्रपद. पाऊस नाही.

कॉलेजात असताना दादा आमच्या ओट्यावर बसून शेंगा फोडायचा आणि मी त्याची भाषणं लिहून द्यायचे. इतका जवळचा मित्र. आज तो साखर कारखान्याचा चेअरमन आहे आणि मला त्याला भर सभेत घाम फुटलेला बघायचाय.

गेल्या सभेत आमच्या यांनी विचारलं, आपल्या गावची चारा छावणी का बंद केली? दादा माईकवर हसला, ‘मास्तर, खाली बसा.’ पुढचा ठराव वाचला आणि सगळे ओरडले, ‘मंजूर!’ मीही ओरडले. सवयीनं. का ओरडले मी? त्याच आठवड्यात चाऱ्यावाचून आमची कपिला गाय बाजारात गेली.

आज तोच प्रश्न आणि खाली ‘मंजूर नाही’ असं पुढच्या सभेसाठी चिठ्ठ्यांवर लिहून आमच्या पक्षातल्या सभासद बायकांकडे गेले. सखूबाई म्हणाली, ‘आपलाच मानूस हाय, ताई. आपुनच कावून विचारायचं?’

‘मतं आपणच दिली म्हणून.’

‘अन् मंजूर न्हाई म्हनायचं? जीभच वळंना की!’ हसली, पण चिठ्ठी ठेवून घेतली.

अजून एक चिठ्ठी फातिमाभाभीला, ती कुणाला भीत नाही. उरलेल्या सभेत मागच्या रांगेत वाटायच्या. पुढची खुर्ची यांना. दादाचा चेहरा त्यांना नीट दिसला पाहिजे.