बुजवलेल्या पोच्याबद्दल आणि बाकीच्या मिळकतीबद्दल

ज्याने माझ्या बापाच्या टॅक्सीचा पोचा पुट्टी भरून बुजवला आणि वर रंग मारून पहिलं बक्षीस घेतलं, त्या माझ्या थोरल्या भावाला या कागदाने काय मिळणार ते शेवटी लिहिलं आहे. मधलं वाचायचा कंटाळा करून त्याने थेट शेवटावर उडी मारू नये. आयुष्यभर त्याने तेच केलंय.

वकिलाने नमुन्याचा कागद दिला आहे. त्यात आधी लिहायचं असतं की मी शुद्धीवर आहे. आहे. वय वर्षं छप्पन, शिक्षण चौथी, धंदा गॅरेजात मोटारींच्या सीटा शिवणे, नवरा वारलेला, मूल नाही. येत्या सोमवारी, अठरा तारखेला, डॉक्टर माझी छाती उघडून हृदयाची झडप बदलणार आहेत. डोकं उघडणार नाहीत, ते ठीक चालतंय. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. माझ्यावर दडपण आणणारा अजून जन्माला यायचा आहे. पूर्वीचं मृत्युपत्र असल्यास रद्द. पूर्वीचं नाही, पण नमुन्यात आहे म्हणून उतरवलं.

कलम पहिलं, घर. माझ्या दोन खोल्या, भांडीकुंडी आणि बँकेत असेल ते माझ्या भाचीला. ती वरच्याच भावाची मुलगी, रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. त्याची मुलगी असून बरी निघाली. मागच्या खोलीतल्या टेबलावर रंगाचे डाग आहेत, ते तिने घासत बसू नये. आणि तिच्या आईला त्या खोलीत पाहुणी म्हणूनही नेऊ नये. वहिनी एकदाच तिथे आली होती. नाकाला रुमाल लावून म्हणाली, "वन्सं, या वयात भातुकली?" मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही या वयात दुसरं काय करता?" तेव्हापासून येणं बंद. ते एक काम फुकटात झालं.

कलम दुसरं, नवऱ्याची गाडी. माझ्या नवऱ्याने एकदा हौसेने छोट्या मोटारीचा संच आणला. खोक्यात प्लास्टिकच्या काड्यांना लटकलेले सुटे भाग असतात, ते कापून, घासून, रंगवून जोडायचे, की खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याची गाडी उभी राहते. कागदावर चित्रं असतात, वाचता आलं नाही तरी चालतं. याला वाचताही येत होतं आणि बघताही, पण धीर नव्हता. चाकांच्या भोकात त्याने असा काही गोंद ओतला की चारही चाकं जन्माची चिकटली, आणि पुढच्या काचेवर गोंदाचा अंगठा उमटला. "जमत नाही बुवा," म्हणून खोकं माझ्याकडे सरकवलं. त्यावरून मी शिकले, काय करायचं नाही ते. माणूस जाऊन आठ वर्षं झाली, अंगठा अजून काचेवर आहे. ही गाडी आमच्या गॅरेजातल्या डेंटरला. चाकं सोडवायला जाऊ नकोस रे बाबा, आणि काच पुसू नकोस.

कलम तिसरं, हत्यारं. चिमटे, पाती, कानशी, बारीक ब्रश, रंग उडवायचा पंप, हेही त्या डेंटरलाच. हा माणूस गेली वीस वर्षं माझ्या शेजारी लोकांच्या गाड्यांचे पोचे ठोकून काढतो. अक्कल बेताची, पण हात सरळ. मी त्याला म्हणायची, "तू पोचे काढतोस, मी पाडते." तो म्हणायचा, "ताई, पाडायला काय लागतं? दारू पिऊन चालवली की झालं." त्याला दाखवलं काय लागतं ते. छोट्या गाडीचा दरवाजा किटलीच्या वाफेवर धरायचा, प्लास्टिक नरम होऊन लोळण घ्यायच्या आधी पेनाच्या मागच्या टोकाने आतून-बाहेरून दाबत आणायचा. श्वास इकडचा तिकडे झाला की दरवाजाची पुरी होते. माझे पाच दरवाजे वाया गेले, सहावा जमला. तो बघत बसला आणि म्हणाला, "ताई, हा तर खराच लागलेला वाटतो." एवढं समजणारा गॅरेजात तो एकटाच.

कलम चौथं, बाकीच्या एकेचाळीस गाड्या. भाचीने हव्या तेवढ्या ठेवाव्यात, उरलेल्या कोणालाही द्याव्यात, रस्त्यावरच्या पोरांनी चेंडूसारख्या लाथाडल्या तरी चालेल. अशा छोट्या गाड्या बनवणाऱ्यांच्या क्लबाला मात्र एकही नाही, एक चाकसुद्धा नाही. मी सभासद व्हायला गेले तेव्हा तिथल्या सेक्रेटरीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "बाई, हे फार नाजूक काम असतं." माझ्या हातच्या सीटांवर बसून ज्यांचं बूड मऊ झालं त्यांनी मला नाजूक काम शिकवावं! त्यांच्या गाड्या मी पाहिल्या आहेत. सगळ्या नव्या कोऱ्या, चकचकीत, दुकानातून आत्ता बाहेर काढलेल्या. कोणी कधी चालवलेली, कोणी घाम पुसून बसलेली अशी एक नाही. माझा भाऊ त्याच क्लबात शोभतो. क्लबात त्याला 'साहेब' म्हणतात.

कलम पाचवं, टॅक्सी.

आमचे बाबा एकच टॅक्सी एकतीस वर्षं चालवत होते. ते गेल्यावर ती भंगारात गेली, साहेबांनीच घालवली. ती मी दीड वर्ष खपून लहान केली. सीटांना गॅरेजातलं जुनं रेक्झिन आतून खरवडून पापडासारखं पातळ करून लावलं. छताचा रंग उन्हाने उडतो तसा उडवला. आणि डाव्या मागच्या दरवाजाला पोचा पाडला, होता तिथेच, होता तेवढाच.

चार महिन्यांपूर्वी साहेब घरी आले. "बाबांची आठवण म्हणून थोडे दिवस कपाटात ठेवतो." मी दिली. या कागदातला माझा मूर्खपणा तेवढाच. गेल्या रविवारी भाचीने क्लबाच्या प्रदर्शनातला फोटो मोबाइलवर दाखवला. गाडीपुढे पाटी होती, तिच्यावर पहिलं बक्षीस, आणि बनवणारा म्हणून साहेबांचं नाव. भाची म्हणाली, "आत्या, ही तुझीच ना? मग दरवाजा सरळ कसा?"

मी फोन लावला.

"अगं, डॅमेज होती ती," साहेब म्हणाले. "सेक्रेटरीकडून नीट करून घेतली. तुला कळायचंही नाही कुठे भरलंय ते. उलट आभार मान."

पाटीवरचं नाव ठेव तुझं. तुला आयुष्यात स्वतःच्या हाताने एक खिळा ठोकता आला नाही, तुला तेवढं तरी असू दे. पण पोचा?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. मी चौथीत होते. आई अंथरुणाला खिळली होती आणि घरात कोणीतरी हवं होतं. बाबा भर दुपारी शाळेत आले, मास्तरांशी बोलले आणि मला दप्तरासकट टॅक्सीत मागे बसवलं. पुढच्या सीटवर हा बसला होता. याची शाळा चालूच राहणार होती. गाडी मागे घेताना बाबांनी ती शाळेच्या फाटकाच्या लोखंडी खांबाला ठोकली. ज्या माणसाने कधी कोणाच्या गाडीला खरचटू दिलं नाही, त्याने. उतरून दरवाजा पाहिला, काचेतून मला पाहिलं, आणि पुन्हा गाडीत बसले. पुढे गिऱ्हाइकं म्हणायची, "काका, एवढा पोचा काढून घ्या की." बाबा म्हणायचे, "असू दे." शेवटपर्यंत तेवढंच म्हणाले. मला त्यांनी कधी तोंडाने काही म्हटलं नाही. त्यांना जे म्हणायचं होतं ते त्या दरवाजावर होतं, आणि ते साहेबांनी पुट्टीने बुजवलं.

तेव्हा असं ठरवते. टॅक्सी माझ्या टेबलावर परत हवी. पुट्टी खरवडून पोचा पुन्हा पाडायला मला तीन दिवस लागतात आणि सोमवारी मला कापणार. नंतर हात चालतील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. माझ्यामागे ती कोणाची, ती ओळ वकिलाच्या कागदावर कोरी ठेवली आहे. तिथे भावाचं नाव पडेल की भाचीचं, ते भावाच्या उत्तरावर.

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचा चष्मेवाला. त्याला दिसतं, सही वाचता येते.
साक्षीदार दुसरी: वरच्या मजल्यावरची निवृत्त नर्स. मी शुद्धीवर असल्याचं ती सांगेल, हवं तर नाडी धरून.
डेंटरलाही सही करायची होती. ज्याला मिळतं त्याने साक्षीला राहायचं नाही, असं वकील म्हणाला. तेव्हापासून तो रुसलाय.

स्थळ: मागची खोली, कामाचं टेबल. तारीख: अकरा, सोमवार. सह्या गुरुवारी, चौदा तारखेला, संध्याकाळी पाच वाजता.

याची एक नक्कल साहेबांना पाठवली आहे. त्यांनी गुरुवारी पाचच्या आत टॅक्सी घेऊन स्वतः यावं, वहिनीला पाठवू नये, आणि दोन साक्षीदारांसमोर एका शब्दात सांगावं. पुढच्या सीटवर तू बसला होतास. तो पोचा कशाचा ते तू विसरलास, की आठवत होतं म्हणून बुजवलास?