ऑर्केस्ट्रा माझ्या हाती

६ जानेवारी
हेडबाईंनी बोलावून घेतलं. संगीताच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. तोवर शाळेचा ऑर्केस्ट्रा माझ्याकडे. मीच का, हे मी विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं: भूगोलाचे तास कमी आहेत, तुम्ही मोकळेच असता. वरिष्ठ लोक खरं कारण कधी सांगत नाहीत.
खोली उघडा, हजेरी घ्या, बाकी मुलांचं मुलांना येतं, असंही म्हणाल्या. विनोदी बाई.
संकल्प: मार्चपर्यंत संगीताचा कायमचा प्रोग्राम-हेड.

७ जानेवारी
परिस्थितीचा आढावा. सरकारी हायस्कूल, तेही शहराच्या कडेला. तरी मुलं लांबून येतात, ती तीन स्पेशल प्रोग्रामसाठी: खेळ, रोबोटिक्स, संगीत. संगीताची मुलं घटली आहेत. मार्चच्या कॉन्सर्टला शिक्षण खात्याची कमिटी येणार. पसंत पडलं तर प्रोग्राम चालू. नाही तर बंद, आणि म्युझिक रूममध्ये रोबो.
कन्या याच शाळेत नववीत. ऑर्केस्ट्रात पहिलं व्हायोलिन वाजवते. प्रोग्राम गेला तर तिचं व्हायोलिनही गेल्यात जमा. बाहेरच्या शिकवणीची फी आम्हाला झेपणारी नाही.
म्हणजे सगळं माझ्या हातांवर आहे.

९ जानेवारी
पहिली तालीम. कंडक्टरची छडी, म्हणजे बॅटन, मागवली आहे, तोवर नकाशा दाखवायची काठी. पुढच्या रांगेनं खुर्च्या मागे सरकवल्या. आदर.
ट्रॉम्बोनवाल्यानं विचारलं, सर, वारा कुठून कुठे वाहतोय ते दाखवताय का? सगळे हसले. मीही हसलो. वातावरण मोकळं ठेवण्यावर माझा भर आहे. मग त्याला खोलीबाहेर उभं केलं.

१४ जानेवारी
नोटेशन शिकायला घेतलं. अवघड काही नाही. नकाशातल्या समोच्चरेषांसारखंच आहे. आज चढ कळले. उतार उद्या.

१५ जानेवारी
उतार राहिले.

२० जानेवारी
एक बारीक निरीक्षण. वाजवताना मुलं माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या डावीकडे बघतात. डावीकडच्या भिंतीवर घड्याळ आहे. सुटायची घाई! घड्याळ काढून घरी आणलं. बायको म्हणाली, आता हे कुठे लावू, तुमच्या कपाळावर?

२३ जानेवारी
अजून डावीकडेच बघतात. सवयी अशा लगेच सुटत नाहीत.

३१ जानेवारी
कन्या डावीकडच्या पहिल्या खुर्चीवर बसते. वाजवायला सुरुवात करण्याआधी दर वेळी नाकानं जोरात श्वास ओढते. खांदेही उडवते. सर्दी. कमिटीसमोर हे बरं दिसणार नाही.
संध्याकाळी वाफ घ्यायला बसवली. मला सर्दी झालेली नाहीये बाबा, असं म्हणाली. पण टॉवेलाखालून म्हणाली, त्यामुळे ग्राह्य धरलं नाही. नंतर मायलेकी स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ हसत होत्या. पेशंटचा मूड चांगला आहे.

४ फेब्रुवारी
कन्येला सकाळीच ताकीद दिली: तालमीत नाक ओढायचं नाही. नक्की ना, तिनं विचारलं. नक्की, मी म्हणालो. तिनं ऐकलं. पुतळ्यासारखी बसली.
मी हात खाली आणला. ऑर्केस्ट्रा सुरूच होईना. मग तीन ठिकाणांहून सुरू झाला. बासऱ्या शेवटाला पोचल्या तेव्हा चेलो मध्यावर होता. ट्रॉम्बोन कुठेच नव्हता.
कारण: दमट हवा. वाद्यांचं लाकूड फुगतं. ट्रॉम्बोन पितळी असतो हे खरं, पण तो वाजवणाऱ्याचं डोकं लाकडी आहे.

५ फेब्रुवारी
कन्येची सर्दी परत आली. हवा मात्र कोरडी. वादन उत्कृष्ट. माझा हात बसला.

१८ फेब्रुवारी
बॅटन आली. आता डोळे मिटून कंडक्ट करतो. त्यामुळे संगीत आतून ऐकू येतं. कपाटाच्या आरशासमोर सराव केला. बायकोचा चष्मा उडाला. ती म्हणाली, त्यापेक्षा माशा मारायची रॅकेट घ्या, निदान काही मरेल तरी.
कन्येची एकच विनंती: बाबा, कॉन्सर्टला हात जरा छोटे हलव ना. समजावलं, की नेतृत्व छोटं करता येत नाही.

३ मार्च
काळा कोट धाकट्या भावाकडून आणला. बटण लागत नाही. कंडक्टरची पाठच दिसते, त्यामुळे प्रश्न नाही. ‘प्रोग्राम-हेड’ अशी पाटी दारावर कशी दिसेल, हे कागदावर लिहून पाहिलं. चांगली दिसेल.

१४ मार्च
कॉन्सर्ट झाली.
हॉल भरलेला. कमिटी पहिल्या रांगेत. शेवटच्या रचनेत माझ्याकडून दोन पानं एकदम उलटली. कोणाचंही होतं असं. मी जोरदार शेवट केला, बॅटन खाली घेतली, वळलो, प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला.
टाळ्या नाहीत. पाठीमागे ऑर्केस्ट्रा वाजतच होता.
पुन्हा वळलो. कोणी अडखळलं नव्हतं. कोणी माझ्याकडे बघतही नव्हतं. सगळे डावीकडे बघत होते आणि तिथे आता घड्याळ नव्हतं. संगीत क्षणभर थांबलं. कन्येनं नाकानं श्वास ओढला, खांदे उचलले. तिच्याबरोबर सगळ्यांनी श्वास घेतला. ट्रॉम्बोननंसुद्धा. मग सगळे एकदम सुरू झाले.
एवढ्या जणांना एकदम सर्दी होत नाही.
शेवटपर्यंत बॅटन पाठीमागे धरून उभा राहिलो. छान वाजवलं मुलांनी.

१५ मार्च
प्रोग्राम मंजूर. हेडबाईंनी माझे जाहीर आभार मानले: हजेरी चोख ठेवली. सोमवारपासून बदली शिक्षिका येत आहेत.
जेवताना कन्येला विचारलं, हे कधीपासून चालू होतं? पहिल्या दिवसापासून, ती म्हणाली. मग सांगितलं का नाही? तर म्हणे, तू किती खूश होतास बाबा. बायको ताटात बघत राहिली. म्हणजे तिलाही माहीत होतं.
ऑर्केस्ट्रातली पोरं गप्प कशी राहिली, विचारलं. बाकीची तिनं नुसतं सांगितलं म्हणून राहिली. ट्रॉम्बोनवाला तयार नव्हता. त्यानं तोंड बंद ठेवावं म्हणून दोन महिने त्याचे भूगोलाचे सगळे प्रोजेक्ट तिनं करून दिले.
ट्रॉम्बोनवाला भूगोलात वर्गात पहिला आला आहे. मार्क कालच ऑनलाइन गेले. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलंय: शिक्षकाच्या मार्गदर्शनामुळे आमूलाग्र बदल.