दिवाणजींचा पूर्वेतिहास

नेरडीगोंडा,
१८ नोव्हेंबर २०२५

श्रीयुत पांडुरंगराव भाऊजी यांस शालक सुरेंद्राचा सविनय सा. न. वि. वि.

दूरध्वनीवरचे संभाषण यंत्रात साठते आणि पुढे पुराव्यात येते, असे आपणच सांगितलेत. सबब हे पत्र बसच्या वाहकाहाती धाडीत आहे. वकिलाच्या कचेरीत हयात घालवलेला मुन्शी आमच्या घरचा जावई आहे, याचा अभिमान पूर्वी प्रसंगोपात्त वाटे. हल्ली अहोरात्र वाटतो.

वृत्तान्त आपण जाणताच, तरी पुन्हा निवेदितो. आमच्या किराणा दुकानाचे चतुष्पाद संरक्षक दिवाणजी यांनी गेल्या गुरुवारी शेजारच्या अमरदीप गुरुजींच्या वृषालीच्या पोटरीस दंश केला. पोर नऊ वर्षांची, दिवाणजींना नित्य बिस्किट देणारी. त्या दिवशीही बिस्किटच घेऊन आली होती. साखळी खुंटीला होती, दिवाणजी साखळीला नव्हते. गुरुजींनी लेकीला तत्काळ आदिलाबादच्या दवाखान्यात नेऊन सुया सुरू केल्या आणि परतताना ठाण्यात अर्ज दिला. मला एवढेच म्हणाले, की सुरेंद्रभाऊ, कुत्रा तुमचा, तर चावाही तुमचाच. इतके निर्दोष वाक्य एखाद्या निकालपत्रातही सापडू नये.

आपला प्रश्न असा, की कुत्रा मोकळा सोडण्याचा निष्काळजीपणा तर आहेच. परंतु तो चावरा आहे हे मालकास आधीपासून ठाऊक असल्यास प्रकरण फार जड जाईल. तर दिवाणजींनी पूर्वी कोणास दंश केला होता काय? उत्तर: नाही. त्रिवार नाही. पूर्वेतिहास निष्कलंक.

सांप्रत दिवाणजी गोठ्यात कोंडलेले आहेत. अन्नत्याग केला आहे. दाराचे लाकूड चावतात, मुखातून लाळ गळते. मी फटीतून दर्शन घेतो आणि माघारी फिरतो.

अक्षर वाकडे आले, क्षमस्व. दुकानाचे शटर उजव्या हाताच्या बोटांवर आदळले. जाता जाता एका गिऱ्हाइकाची पृच्छा: हाताला किंचित दात लागला आणि सुई घेतली नाही, तर भय बाळगावे काय? गिऱ्हाईक स्वभावतः भित्रे आहे. त्याला झोप नाही.

पत्र ताईच्या दृष्टीस पडू नये. कळावे. लोभ आहेच, जामिनाच्या समयी तो सर्वांना दिसावा.

आपला आज्ञाधारक,
सुरेंद्र


मंचेरियल,
१९ नोव्हेंबर २०२५

चि. सुरेंद्रास विमलताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र मीच फोडले. बसस्टँडवर सामान घ्यायला तुझे भाऊजी कधी जात नाहीत, मी जाते, हे तू विसरलास. देवानेच विसरायला लावले.

तुझ्या दुकानाला शटर कधीपासून रे? दिवाळीत मी आले तेव्हा तर बाबांच्या वेळच्या सागवानी फळ्याच तू एकेक करून लावत होतास. आणि गिऱ्हाइकाच्या भीतीने तुझी झोप कधी गेली होती?

भाऊजींना वाचून दाखवले.  ते म्हणाले, दवाखान्यात चाव्याची तारीख लिहितात. ती वृषालीच्या आधीची निघाली, तर मालकाला ठाऊक होते हे आपोआप सिद्ध होते. एवढे बोलून त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणजे त्यांच्याच सल्ल्यापायी तू सुई टाळलीस! काऊन रे असा वेड्यावानी करून राह्यला? कैदेतून माणूस घरी येतो. हा रोग एकदा उठला की कोणी येत नाही. आपल्या गल्लीतला चंदन शिंपी आठवतो ना? पाण्याचा तांब्या पुढे केला की भिंतीला चिकटायचा. तेव्हा तू माझ्या पदरात तोंड लपवलं होतंस.

सकाळपासून फोन लावते आहे, तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र त्याच वाहकाच्या हाती देते. उद्याची त्याची बस पुढे आदिलाबादलाच जाते. मी त्याला सांगितले आहे, तू चढल्याशिवाय गाडी हलवू नको. तारीख खरी सांग. भाऊजींचाही तोच निरोप आहे.

माया आहे म्हणून रागावते. ती राहू दे आणि तूही राहा.

तुझी,
विमलताई


नेरडीगोंडा,
२५ नोव्हेंबर २०२५

ती. विमलताईस सुरेंद्राचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या आज्ञेने महामार्गावर बस खोळंबली. वाहकाने तेलुगूत जाहीर केले, की हा गृहस्थ चढल्याखेरीज गाडी हलणार नाही. मग समस्त उतारूंनी खिडक्यांतून माझ्या पितरांचे स्मरण केले. मी चढलो. फळ्या लावायच्या राहिल्या.

दवाखान्याच्या रांगेत माझ्यापुढे गुरुजी आणि वृषाली. तिची पुढची सुई होती. सिस्टरने उच्चरवाने विचारले, कुत्रा कोणाचा, कधी चावला. मी म्हणालो, स्वतःचा, बुधवारी. गुरुजी वळले. गुरुवारच्या आधी बुधवार येतो, हे शाळामास्तरास सांगावे लागत नाही. त्यांनी विचारले, तुमाले माहीत होतं, तरी त्याले बांधलं काऊन नाही? ताई, भाऊजींनाही न सांगितलेले मी तिथे सांगितले. बांधायला हात पुढे करावा लागतो, आणि तो करण्याचे धैर्य मला झाले नाही.  सिस्टर माझ्या बोटांभोवती सुया टोचत होती, तेव्हा वृषालीने मला वर पंख्याकडे पाहायला सांगितले.

दिवाणजी दुसऱ्याच दिवशी गेले. पशुवैद्यांनी तोच रोग सांगितला, ज्याचे नाव आपण दोघे घेत नव्हतो. गुरुजींनी अर्ज मागे घेतला नाही. त्यात बुधवार तेवढा वाढवला. न्याय्यच केले.

डॉक्टर म्हणतात, उशीर झाला, तरी आशा आहे. मी विनोद करतो खरा, पण हाताला मुंग्या आल्या की त्या सुयांच्या की कशाच्या, या विचाराने गारठतो. रोज सकाळी पाण्याचा पेला उचलतो, तेव्हा घशाशी पाणी अडते की भय, उमगत नाही. त्या वेळी कुंपणापलीकडे वृषाली उभी असते. तिच्याही हातात पेला असतो. घरातून गुरुजी विचारतात, भाऊंनी पुरा पेला संपवला काय? मी तो उपडा करून दाखवतो. मग ती पिते.

तुझा लोभ आता औषधासारखा चालू ठेव, मध्येच खंड नको. आजचे पाणी पिऊन झाले आहे; दोघांचेही.

तुझा धाकटा,
सुरेंद्र