अर्ध्या सेकंदाची ओळ

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही शिकवलेलं विसरून गेले असते तर बरं झालं असतं, असं हल्ली रोज वाटतं.

हिंडलग्याच्या घरी तुम्ही स्वयंपाकघरातच शिकवायचा. गॅसवर दूध, ओट्यावर माझी वही. दूध, गॅस, माणूस, प्रत्येक एक वेगळी वस्तू. तिच्या अवस्था लिहायच्या, आणि एक बदलली की दुसरीनं काय करायचं ते गणिताच्या चिन्हांत, शंकेला जागा न ठेवता मांडायचं. मी लिहिते, दूध वर आलं की गॅस बंद. तुम्ही हाताची घडी घालून उभे. दूध उतू जातं, ओट्यावरून वहीवर येतं. "बंद करायचं लिहिलीस. किती वेळात, ते कोण लिहिणार गं? तुझा आप्पा?" त्या दिवशी तुमचा भयंकर राग आला होता.

आता मी कारखान्यांतल्या प्रेस मशीनच्या कंट्रोलरची स्पेसिफिकेशन्स, म्हणजे मशीननं कधी काय करायचं ते नियम, लिहिते. दोन हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली यावा, म्हणजे हात साच्यात सापडत नाही. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली पाहिजेत, ही ओळ माझ्या मसुद्यात होती. चाचणीत दुसरं बटण जरा उशिरा दाबलं गेलं की मशीन अडायचं, सुपरवायझर करवादायचा. मी ओळ काढली. उरलेलं सगळं तुमच्याच गणितानं सिद्ध करून दिलं. ती सिद्धता आजही बिनचूक आहे, सर, आणि त्याचीच मला किळस येते.

काम लवकर उरकावं म्हणून पोरं एक बटण सायकलच्या ट्यूबनं दाबून बांधतात. माझ्या कागदावर बटण दाबलेलं म्हणजे हात तिथंच. ती ओळ असती तर आधीपासून दाबलेल्या बटणावर प्रेस हललाच नसता. बेळगुंदीच्या एकाचा उजवा हात साच्यात होता. चार बोटं गेली. चौकशीत मशीन निर्दोष ठरलं, कारण ते माझ्या कागदाप्रमाणंच चाललं होतं. नंतर मी ती ओळ गुपचूप परत घातली. बैल गेला नि झोपा केला.

परवा त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं चहा दिला. डाव्या हातात कप सावरत तो म्हणाला, "चूक माझीच हाय मॅडम. बटण मीच बांधलतं. तुमच्या मशीनला बोल न्हाय."

मी "व्हय" म्हणाले.

हे पत्र खरं तर त्याला लिहायचं होतं. तुम्ही वाचणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.